धुरात पिकलेली द्राक्षं

चि. आल्दो,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे आणि इथला वणवा विझला आहे. आईला एवढंच सांग.

अक्कल मात्र इथे कुणाला आली नाही. द्राक्षमळ्यांवर आठवडाभर धूर बसला होता. आमचे मुख्य वाइनमेकर लॅकलनसाहेब वेलींमधून फिरले, चार मणी चघळले आणि म्हणाले, "एकदम स्वच्छ आहेत. तोडा."

मी म्हटलं, "आधी बादलीभर द्राक्षं आंबवून बघा. धूर मण्यात लपतो, वाइनमध्ये उघडा पडतो."

"लोरेदाना, तुला घाबरायला निमित्तच लागतं."

आता प्रत्येक टाकीला विझवलेल्या सिगारेटीची चव आहे. साहेब पाहुण्यांना सांगतात, "ही आमच्या डोंगराची खासियत." आणि पाहुणे शहाण्यासारखे माना डोलावतात.

अशात तुझं पत्र आलं: "ताई, थोडा धूर आला होता, पण मणी चाखले, गोड आहेत. उद्यापासून तोडणी." एक लॅकलन मला पुरे आहे. तोडणी सुरू झाली असली तरी थांबव, आधी बादलीभर आंबवून बघ. राखेची चव आली, तर बाबांच्या वेलींवरची सगळी द्राक्षं पाखरांना सोड. तसल्या बाटलीवर आपलं नाव नको.

त्या धुरात आईचा खोकला कसा आहे, ते तू लिहिलं नाहीस. बादली आणि खोकला, दोन्हींचं खरं कळव. गोड करून लिहू नकोस.

तुझी ताई,
लोरेदाना