कानबाईच्या दिवशीचं पाणी

पांडेसरा, सुरत
२० ऑगस्ट १९७६

तीर्थरूप काशीरामभाऊ,

उषाचा पाया पडून नमस्कार. वहिनीला सांगा, पोळ्याला बैलांच्या शिंगांना माझ्या नावाचा एक गोंडा बांधा.

तुमचं कार्ड पोचलं. हिलालने मिलमध्ये भांडून नोकरी घालवली, असं आमच्या यांच्याबद्दल मिलमधल्या लोटूने गावभर केलं म्हणे. लोटूच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! "पोळा झाला की तुला आणि पोरींना न्यायला येतो" असं तुम्ही लिहिलंत. आधी चिडले, मग रडले.

यंदा कानबाई थाटात झाली. रोट केले, नथ घातली. शेजारच्या कलाबाईने अशी फुगडी घातली की बांगड्याच फुटल्या. सोमवारी देवीला डोक्यावर घेऊन आम्ही खाडीवर गेलो. इथे आपल्या पांझरा नदीसारखं पाणी कुठलं, भाऊ! मिलच्या मागून खाडी वाहते, ती पुढे नदीला मिळते. मिल ज्या रंगाचं कापड रंगवते, त्या रंगाची खाडी. हातपंपाची डंकी हापसली तरी तसंच पाणी. आमच्या प्रभाच्या पायांवरचे फोड वर्षभर सुकले नाहीत.

फक्त कानबाईच्या विसर्जनाला रंगखात्याचे मास्टर मगनभाई रंगाचं पाणी टाकीत अडवून धरतात. दरवर्षी आमचे हेच जाऊन त्यांना हात जोडतात.

नेमका त्याच सोमवारी सरकारी साहेब आला. नदीनाल्यात घाण सोडायची नाही असा नवा कायदा झालाय ना, त्याचा. त्याने खाडीतून बाटली भरली, उजेडात धरली, म्हणाला, "पानी तो ठीक है." आणि निघाला की!

मला राहवलं नाही, भाऊ. प्रभाचे पाय डोळ्यांपुढे आले. सगळ्या बायकांदेखत बोलून गेले, "साहेब, आज पानी देवी के लिए रोका है. कल आओ."

तो मंगळवारी परत आला. लालभडक पाण्याची बाटली भरून, लाखेचं सील मारून घेऊन गेला. सेठला नोटीस आली. मगनभाईंनी आपल्या खानदेशी माणसांना रांगेत उभं करून विचारलं, "साहेबने कोणे कह्युं?" म्हणजे साहेबाला सांगितलं कोणी?

आमचे हे पुढे झाले. म्हणाले, "मैंने."

हे मला कलाबाईच्या नवऱ्याकडून, दगाभाऊंकडून कळलं; तेही त्या रांगेत होते. यांनी घरात चकार शब्द काढला नाही. मला सांगितलं, "बॉयलर बिघडलाय, थोडे दिवस सुट्टी." आणि दारात उभं राहिलं की मिलचं धुराडं धूर ओकताना दिसतंय! मी म्हटलं, "बरं झालं, तेवढाच आराम." मग चुलीपुढे बसून पोटभर रडले. आता रोज नवागामला लूमवर काम शोधत फिरतात आणि घरी येऊन सांगतात, पत्ते खेळत बसलो होतो.

खाडी अजून लालच आहे. पण सेठने पाणी निवळायला मागे खड्डा खणायला घेतलाय. बघू.

भाऊ, भांडण यांनी केलं नाही. बोलले मी, आणि नोकरी गेली त्यांची. मला न्यायला येऊ नका, मी येणार नाही. यायचंच तर यांच्याजवळ चार दिवस राहायला या. वहिनीलाही आणा. फक्त मी हे लिहिलंय ते यांना कळू देऊ नका. मला काही माहीत नाही, असंच त्यांना वाटू दे.

अशा माणसाच्या घरी नांदणारी,
तुमची उषा