रविवारपुरती वेगमर्यादा

प्रति,
मा. श्री. डेटलेफ हान्सेमान,
वाहतूक नियमन अधिकारी,
महामार्ग उपविभाग, ओबरहाइन

विषय : निडरब्राख फाट्यावर दर रविवारी दुपारी २ ते ६ या वेळेत मोटारींना ताशी १२० कि.मी. वेगमर्यादा घालणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २८ ऑगस्टचे नकारपत्र.

महोदय,

मी खाली सही करणार इर्मट्राउट फेल्टेन, वय ७१, निवृत्त मोटार-प्रशिक्षिका. माझे पती गेरोल्ड हे नऊ किलोमीटरवरील हालेनबाख येथील वृद्धाश्रमात असतात. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद होऊन दोन वर्षे झाली, बसही त्यासोबत गेली. जंगलातला रस्ता वनखात्याच्या गाड्यांपुरता आहे. सबब गावाबाहेर पडण्यास महामार्गावरचा जोडरस्ता तेवढा उरला. त्याच्या टोकाला थांबण्याचा फलक आहे, वेग घेण्यास चाळीस मीटर जागा आहे, आणि चढावरून येणारी गाडी दिसते तेव्हा ती आलेलीच असते. तेथे मर्यादा नसल्याने बहुतेक जण दोनशेने येतात.

आपण कळविले की, तीन वर्षांत तेथे एकही अपघात नसल्याने धोका सिद्ध होत नाही. नम्रपणे निवेदन की, अपघात नाही कारण रविवारी तिथून माझ्याखेरीज कोणी जातच नाही. विहिरीत कोणी बुडाले नाही म्हणून ती उथळ ठरत नाही. याबाबत दूरध्वनी केला असता आपल्या कार्यालयातील गृहस्थ म्हणाले, "काही घडलं ना बाई, तर नोंद नक्की घेऊ."

ग्रामसभेचा ठराव जोडावा असेही आपण सुचविले होते. एकतीस जणांपैकी चार हात वर झाले, त्यात दोन माझे असल्याची तक्रार झाली. शेजारी श्री. रूडिगर म्हणाले, "बाई, पूल गेला, बस गेली. मोकळा म्हणून हा एक रस्ता राहिलाय, त्यालाही वेसण घालता?" त्यांची वेगवान गाडी पूल बंद झाल्यापासून गॅरेजबाहेर आलेली नाही.

रविवारच का, याचा खुलासा. इतर दिवशी मालट्रक असतात. त्यांना ऐंशीची मर्यादा आहे, त्यामुळे एखाद्याच्या मागे शेपूट धरून निघता येते. रविवारी ट्रकांना बंदी. मग बुधवारी जा, असे आपण म्हणाल. मी गेले होते. पतींनी उठून मला खुर्ची दिली आणि फार अदबीने विचारले, "आपण कोणाकडे आलात?" त्यांना आता मी फक्त रविवारी तीन वाजता, कॉफीच्या वेळी, आलुबुखाराचा केक पुढे ठेवल्यावर ओळखू येते. त्रेचाळीस वर्षे आमची तीच वेळ आहे.

दोन वर्षे रविवारी कशीबशी निघत होते, मागील चार रविवार मात्र जमले नाही; तीनदा मी जोडरस्त्याच्या तोंडाशीच गाडी वळवली. दि. ७ सप्टेंबर रोजी फलकापाशी चाळीस मिनिटे उभी होते. पुढे जाता येईना, आणि एकेरी जोडरस्त्यावर मागे येणे गुन्हा आहे हे मी एकतीस वर्षे शिकवले. केक मांडीवर होता. सव्वातीन वाजले तेव्हा मी गाडी मागे घेतली. हा गुन्हा मी येथे लेखी कबूल करीत आहे. मला फार लाज वाटली.

त्या संध्याकाळी आश्रमातील परिचारिकेचा फोन आला. ती म्हणाली, "दर रविवारी दोन कप मांडायचे. आज त्यांनी एकच मांडला."

तरी कृपया रविवारचे चार तास मर्यादा मिळावी. तसे करता येत नसेल, तर येत्या रविवारी अडीच वाजता आपण माझ्या शेजारी बसून स्थळपाहणी करावी. मार्च १९९४ मध्ये याच फलकापाशी आपण शिकाऊ म्हणून माझ्या गाडीत होता. चढावर गाडी दिसताच आपण डोळे मिटून पुढे निघालात, आणि माझ्या पायाखालचा दुसरा ब्रेक मी दाबला. म्हणून आज हा अर्ज आपणांस लिहिता येतो आहे.

माझ्या आताच्या गाडीला दुसरा ब्रेक नाही. तरीही येत्या रविवारी मी मागे येणार नाही, हे आगाऊ कळवून ठेवते.

आपली एके काळची शिक्षिका व आजची अर्जदार,
(सही)
इर्मट्राउट फेल्टेन
निडरब्राख, दि. ९ सप्टेंबर

सोबत :
१. नकारपत्राची प्रत
२. चाळीस मिनिटांत गेलेल्या गाड्यांची हस्तलिखित नोंद (शेवटची दहा मिनिटे मोजलेली नाहीत)
३. प्रशिक्षण वहीचे पान, मार्च १९९४, शेरा : "घाई करतो. पण मुलगा चांगला आहे."