चांगुणाबाईंची निळी साडी

अहो,

भाकरी टोपल्यात हायत, पिठलं झाकून ठेवलंय. टँकर आला तर दोन घागरी तेवढ्या भरून घ्या. मी चांगुणाबाईंच्या घरी चाललेय.

तुमी टायफाइडनं पडला व्हता, तवा कारखान्याच्या आफिसात त्यांनी तुमचं काम सांभाळलं. त्याची जाण मलाबी हाय. भेट काय द्यावी म्हणून तुमी विचारलंत, तवा मीच म्हणले, स्टीलचा डबा द्या. तर तुमी म्हणता, "त्यांना निळा रंग लई आवडतो." मला कोणता आवडतो, सांगा बरं?

आज ट्रंकेत निळी इरकल घावली. काठ निवडून आणलाय. माझ्यासाठी मातुर दुकानदार बांधून देईल ती आणता.

ती साडी मीच घेऊन निघालेय. संगं नारळ आन् कुंकू घेतलंय. त्यांची ओटी भरणार आन् सांगणार, "तुमच्या भावानं धाडलीय." भाऊबीजेला ओवाळून घ्यायला तुमी त्यांच्याकडं जाणार, हेबी ठरवून येते.

आता दर दिवाळीला निळी साडी आणा खुशाल. बहिणीला नेसवायला मी कशाला आडवी येऊ?

नागू