अंगठ्यासाठी चार माणसं

ता. ३ नोव्हें., कोरीट
हिच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला. नंदुरबारला डॉ.ना दाखवला. साखर फार वाढली आहे. अंगठा काढावा लागेल, याच आठवड्यात, नाहीतर वर सरकेल म्हणाले. मी म्हटलं, विचारून सांगतो. कोणाला, असं त्यांनी विचारलं.
विहीर कुठे खणायची, लेक सुनंदा खापरला द्यायची का, सगळं चार माणसांत ठरलं. आबा, माझे मोठे भाऊ, बोलायचे. बाकीचे मान हलवायचे. मीपण. आता त्या चौघांतले एकटे गुरुजी उरले.

ता. ४
नवीन चौघं जमवतो आहे. गुरुजी. मिरचीचे व्यापारी चंपालाल शेठ, जुनी ओळख. सुनंदाचे सासरे, खापरचे व्याही. आबांच्या जागी त्यांचा विलास, सुरतला असतो. फोनवर म्हणाला, काका, रविवारी येतो.
गुरुजी म्हणाले, "भाऊ, तू वांगं लेवाले बी चार जणसले इचारशी." पण येतो म्हणाले.

ता. ६
अंगठ्यातून पाणी येतं. खोलीत वास. मी उदबत्ती लावली. तिने पाहिलं. लावायला नको होती.

ता. ९, रविवार
विलासला सुट्टी मिळाली नाही. बुधवारी नक्की म्हणतो.
तिघे आले होते. चहा झाला. ओसरीवर बसलेच होते, पण मी विषय काढला नाही. तिघांनी ठरवलेलं आमच्यात धरत नाहीत. तिघंच जमले तर आबा उठून जायचे.
गुरुजी निघताना म्हणाले, "अंगठाले सांगी ठेव मंग. चौथा येस तोपावत थांब म्हना."
कोणी हसलं नाही.

ता. १०
पट्टी बदलताना ही म्हणाली, "चौथा भेटत नही ना? मंग माले बठाडा. पाय मन्हा शे."
मी म्हटलं, बाई माणसाला बैठकीत कधी... तिने भिंतीकडे तोंड केलं. बुधवार फार लांब नाही.

ता. १२, बुधवार
विलास नाही. फोन बंद. हिला सकाळपासून ताप, बोलणं तुटक. रिक्षा करून नंदुरबार गाठलं. भरती केलं.
डॉ. म्हणाले, आता अंगठ्याने भागणार नाही. गुडघ्याखालून.
नऊ दिवस गेले. डॉ. माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ता. १३, दवाखाना
ताप थोडा उतरला. तिघे आले. खाटेजवळ स्टुलांवर बसले. मी हिला म्हटलं, चौथी तू.
गुरुजी म्हणाले, आजच काढा. शेठ म्हणाले, सुरतला न्या, तिथे मोठे डॉ. आहेत. व्याही म्हणाले, हात लावू देऊ नका. त्यांच्या भावाचं आधी बोट काढलं, मग पाऊल, मग भाऊच राहिला नाही. हे हिच्यासमोर बोलले. इतकी वर्षं मला वाटायचं चार माणसं बसली की एकच गोष्ट निघते. ती आबांची निघायची.
मग सगळे हिच्याकडे बघू लागले. ती म्हणाली, तुम्हाला कामं असतील, या आता. गेले. जाताना तिघांनाही हलकं वाटलं असावं, भरभर गेले.
मग मला म्हणाली, "त्यासनं आयकं. तुम्हले काय वाटस?"
लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मला काय वाटतं हे मी स्वतःला कधी विचारल्याचं आठवत नाही. म्हटलं, विलासला अजून एकदा लावून बघतो. तिने माझं मनगट धरलं. हात गरम होता. म्हणाली, "फोन नका लावू."
डॉ. पाच वाजता येणार. आत्ता सव्वाचार. मी वही काढली म्हणून तिने मनगट सोडलं. लिहून होईपर्यंत थांबली आहे. माझ्याकडेच बघते आहे.