न धुतलेली बाटली

दादा,

काल वॉर्डात तू मोठ्या डॉक्टरांना माझी ओळख करून दिलीस, "ही आमची बाटलीबाई, धाकटी बहीण. खाली लॅबमध्ये बाटल्या धुते." डॉक्टर हसले, मीही हसले.

तुझ्या हृदयाभोवतीच्या पिशवीत पू झाला होता. असं फार क्वचित होतं. कुठल्या जंतूने केलाय ते कळावं, म्हणून त्यातला थोडा पू जंतू वाढवायच्या द्रवाच्या बाटलीत घालून माझ्याकडे लॅबमध्ये पाठवला. दोन दिवस काहीच वाढलं नाही. अशी बाटली आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रिकामी करून धुवायला टाकतात. लॅबचे साहेब म्हणाले, "भावाची आहे म्हणून किती दिवस कवटाळून बसणार?"

मी म्हटलं, "काही जंतू आळशी असतात, साहेब. आमच्या दादासारखे."

पाचव्या दिवशी सकाळी बाटली गढूळ झाली, म्हणजे आत जंतू वाढला. जंतू सापडला, औषध बदललं, आणि आठवड्याभरात चहा गार आहे म्हणून तू नर्सवर खेकसलास.

हे पत्र तुला देणार नाही. तू आभार मानायला लागलास, तर मी भांडू कुणाशी? पण ताठ मानेने लिहून ठेवते: मी बाटल्या धुते, खरंच आहे. तुझी तेवढी धुतली नाही.

तुझीच,
बाटलीबाई