नमुन्याची कवळी

५ मे

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

लॅब बंद पडून तुझी नोकरी गेल्याचं तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत कळलं. आधीच्या सगळ्या ओळी हवेबद्दल होत्या. जन्मभर लोकांच्या कवळ्या घडवल्यास, पण स्वतःचं तोंड उघडायला शिकला नाहीस. फोनवर तू पुटपुटतोस आणि मला ऐकू येत नाही, तेव्हा पत्रच बरं.

कारखान्यातल्या मुलाखतींना मी कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायचे. तेवढ्या अधिकाराने सांगते. जाहिरातींची वाट बघत बसू नकोस. ज्या दंतवैद्यांकडे तुझं काम जायचं, त्यांच्या दारात जाऊन उभा राहा. कुठेही जाण्याआधी तिथे काय काम चालतं ते विचारून घे. ‘आम्ही केलं’ म्हणू नकोस, ‘मी केलं’ म्हण. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघ. शेवटी ‘काही विचारायचंय का’ असं म्हणतात, तेव्हा ‘नाही’ म्हणू नकोस. नाही म्हणणारा मनाने दाराबाहेर गेलेला असतो. आरशासमोर मोठ्याने सराव कर.

मागच्या खोलीला रंग काढून घेतला. एक खाटही टाकली आहे. उगाच, चांगली मिळाली म्हणून.

माझी माया आहेच, उत्तराला उशीर केलास तर तिचा राग होईल.

तुझी ताई

१९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सराव केला. आरसा दाढीपुरता आहे, त्यात मी अर्धाच दिसतो. म्हणून लॅबमधून आणलेले प्लास्टरचे जुने जबडे टेबलावर ओळीने मांडले आणि त्यांना उत्तरं दिली. स्वतःचा आवाज खोलीत इतका मोठा वाटला, की दार नीट लावलंय ना ते उठून बघितलं.

मोठ्या दवाखान्यात मुलाखत झाली. मधल्या खुर्चीत एक बाई होत्या. मी डोळ्यांकडेच बघत होतो, पण त्या बोलायला लागल्या आणि नजर सवयीने खाली उतरली. वरचा पुढचा एक दात बसवलेला, शेजारच्यांपेक्षा जरा पिवळा. स्वतःबद्दल सांगा म्हणाल्या. मी म्हणालो, हा दात मी केला असता तर ओळखू आला नसता. ‘मी’ म्हणायचं तेवढं लक्षात राहिलं होतं. पुढची सगळी मुलाखत बाईंनी तोंडावर हात धरून घेतली. शेजारच्या गृहस्थांनी कामाचा नमुना मागितला. माझं सगळं काम लोकांच्या तोंडात आहे, असं मी सांगितलं. कोणी हसलं नाही. ‘काही विचारायचंय का’पर्यंत गाडी गेलीच नाही.

ओळखीच्या एका दंतवैद्याने नवीन लॅब सुचवली आहे. तिथला मालक स्वतः कारागीर आहे, पण तोही नमुना मागणार. माझ्याकडे नाही. हेही हुकलं तर गाशा गुंडाळून तुझ्याकडे येतो. मागची खोली आहेच. इथे एक खाट आणि एक टेबल. पाहुणा आला तर त्याला खिडकीत बसवावं लागेल, पण तशी वेळ आलेली नाही.

लोभ कमी करू नये. इथे तो दुसरीकडून मिळायची सोय नाही.

तुझा घुम्या

२८ मे

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

हसून हसून पुरेवाट झाली. मग त्या बाई डोळ्यांसमोर आल्या आणि तुझा राग आला. लोकांच्या तोंडात डोकवायला तुला कोणी बोलावलं नव्हतं.

सोबतच्या पार्सलमध्ये माझी कवळी आहे, तूच केलेली. नमुना म्हणून ही ने. मालकापुढे ठेव आणि गप्प बस; ते तुला छान जमतं. माझी काळजी नको. पातळसं काहीतरी करून पिते. बोलण्याचं म्हणशील, तर दातांवाचून इथे काही अडत नाही.

मागच्या खोलीचा विचार सोड. ओल आहे तिथे, तुला सोसायची नाही. नोकरी बघ.

लोभ सोबत पाठवला आहे, कापडात गुंडाळून.

ताई

११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली.

मालकाने कवळी उजेडात धरली, दाढांवरून नख फिरवलं. दोन्ही बाजू सारख्या झिजल्या आहेत म्हणाला, म्हणजे चावताना कुठे अडलेलं नाही. कोणाची म्हणून विचारलं. ताईची, मी सांगितलं. मग सध्या त्या काय करतात, म्हणाला. पातळसं काहीतरी पितात, म्हणालो.

मुलाखतीआधी कवळी धुवायला घेतली होती. आत चिकटवायच्या पुडीचे थरावर थर निघाले. म्हणजे हिरड्या आक्रसल्या आहेत आणि कवळी केव्हाची हलते आहे. तू पार वाळली असणार. पत्रांत तर ठणठणीत असतेस.

शेवटी त्याने काही विचारायचंय का म्हटलं. मी विचारलं, घरचं एक काम आधी घेतलं तर चालेल का. चालेल म्हणाला.

कवळी आहे तशीच परत पाठवतो. अंदाजाने आतून भरली तर टोचेल. नवीनच करायला हवी, आणि मापाला तोंड लागतं. ते पार्सलने येत नाही. तुला काही विचारायचं असेल तर विचार. ‘नाही’ लिहू नकोस.

ओरडणं चालू ठेवावं, ही विनंती.

घुम्या

१९ जून

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

या वेळी बातमी पहिल्या ओळीत लिहिलीस. सुधारलास.

कवळी बसवली आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ‘मिळाली’वर ती सुटली. हाताने धरून पुढचं वाचलं. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे बिघडलं नाही.

वेळेवर जात जा. मालकाच्या दातांकडे बघू नकोस. मागच्या खोलीतली खाट तुझं पत्र आलं त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली. तिच्याकडे माणसं फार. आता वाटतं, घाई केली.

विचारायचं एक आहे. इतकी वर्षं टेबलाच्या अलीकडे बसले, पलीकडून विचारायला किती जड जातं ते आज कळलं. माप घ्यायला थोडाच वेळ लागत असेल. त्यानंतरचं विचारते आहे. पाहुण्याला खिडकीत बसवशील म्हणालास, पण मला पाय लांब करायला लागतात. अंथरूण माझं मी आणीन. तुझं ते टेबल भिंतीकडे सरकतं का, बघून कळव.

बाकी लोभ समक्ष.

ताई