उजव्या बाजूचं रोप

पर्थ
२२ सप्टेंबर २००४

प्रिय लेस्टर,

"फूल खोटं बोलतं, नोएलीन. कागद खोटं बोलत नाही." १९८१ साली गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्रं पसरून रोपं दाबताना तुम्ही हे म्हणाला होतात. मी एकवीस वर्षांची होते, तुमची मदतनीस होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं. पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही तेच ऐकवत आले. गेल्या आठवड्यापासून मात्र ते आठवलं की हातात असेल ते भिंतीवर फेकावंसं वाटतं.

पण आधी रीतीचं. खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुमच्या शेजारणीकडून कळलं. काठी घेऊन फाटकापर्यंत चालता म्हणे. बरं वाटलं, खरंच. ऑल्बनीला अजून गार वारं असेल. विल्मानं विणलेला राखाडी स्वेटर कपाटात जपून ठेवू नका, अंगात घाला. ती असती तर तिनं ऐकून घेतलं नसतं. इकडे माझी प्रकृती ठीक आहे.

गेल्या गुरुवारी मी फोन केला, तेव्हा तुम्ही तीन मिनिटांत बोलणं संपवलंत. "समितीला काय करायचं ते करू दे. मी एकोणऐंशीचा आहे, माझं काम छापून झालंय," असं म्हणालात. मग किटली ओरडतेय म्हणून रिसीव्हर ठेवलात. मला किटली ऐकू आली नाही, लेस्टर. म्हणून हे पत्र. तुम्ही तेही अर्ध्यावर ठेवाल, पण ते निदान टेबलावर पडून राहील.

एनिड बॅरो तुम्हाला आठवत असेल. यारलपची, मेंढ्यांच्या शेतावरची. रस्त्याकडेच्या वांडूच्या झाडांखाली ते काळपट लाल ओठाचं कोळी-ऑर्किड पहिल्यांदा तिनं पाहिलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यातून आपल्या वनस्पती-संग्रहालयात पाठवलं. १९७९ साली तुम्हीच त्याला नाव दिलंत, वेगळी जात म्हणून. आणि २००१ साली, तुमच्या त्या मोठ्या ग्रंथात, तुम्हीच ते नाव रद्द केलंत. ही वेगळी जात नाही, माउंट टली डोंगरावर हजारोंनी फुलतं त्याच ऑर्किडचं हे एक रूप आहे, असं लिहिलंत. रद्द झालेल्या नावाचं रोप संरक्षित यादीत राहत नाही. आपण दोघांनी मिळूनच तो नियम ती यादी ठरवणाऱ्या समितीला घालून दिला होता.

आता धान्याच्या ट्रकांसाठी यारलपचा रस्ता रुंद करायचाय. कौन्सिलनं खुंट्या ठोकल्यात, त्यांना गुलाबी फिती बांधल्यात. एनिडचा फोन ऑगस्टमध्ये आला. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज असा, की मी रिसीव्हर कानापासून दूर धरला.

"तुमच्या पुस्तकात माझी फुलं मेली म्हणे?"

"मेली नाहीत, एनिड. त्यांचं नाव रद्द झालंय."

"मग त्यांना कळवलं नाहीस वाटतं. आज सकाळीच पाहिली, मजेत आहेत."

मी दोनदा जाऊन आले. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर रांगत रोपं मोजली. प्रत्येक रोपाशी एनिडनं मांस भाजायची एकेक लाकडी काडी खोचली. एकशे सत्तावीस. दुसरीकडे कुठेही नाहीत, मी तीन वसंत शोधतेय. गेल्या सोमवारी मी माउंट टलीची फुलं थंड डब्यात घालून यारलपला नेली. परवाना काढला होता, काळजी नको. व्हेजिमाइटच्या धुतलेल्या दोन बरण्या, एकीत टलीचं फूल, दुसरीत यारलपचं. दोन्ही गाडीच्या बॉनेटवर, हातभर अंतरावर. कौन्सिलचा इंजिनिअर केल्विन यालाही बोलावलं होतं. तो त्याच्या गाडीच्या दाराला टेकून खिम्याची पॅटिस खात होता.

चार मिनिटं. चार मिनिटांत नर गांधीलमाश्या यायला लागल्या आणि सगळ्या यारलपच्या फुलावर. त्या काळपट ओठाला मादी समजून झोंबत होत्या, एकमेकांना ढकलत होत्या. टलीच्या बरणीकडे एकही फिरकली नाही. आपल्याला दोन फुलं सारखी वाटली, तरी त्यांना वास कळतो. ज्या फुलाला वेगळी माशी लागते, त्याचा पराग दुसऱ्यात मिसळत नाही. हे मला तुम्हाला सांगावं लागतंय!

एनिड म्हणाली, "बघ रे केल्विन, पुरुष कुठे गर्दी करतायत ते. आमच्या वेळी नाचाच्या हॉलमध्ये असंच व्हायचं. मी मात्र त्या दुसऱ्या बरणीत असायचे."

केल्विन हसला. वाईट माणूस नाही तो. बोटं पँटला पुसत म्हणाला, "छान आहे, बाई. पण हे छापून कुठे आलंय? मला यादी दिलीय. यादीत असेल तर मी खुंट्या काढतो. नसेल तर मंजुरीच्या दुसऱ्या दिवशी मशीन येणार."

कौन्सिलची मंजुरीची बैठक नऊ ऑक्टोबरला आहे. नवा लेख लिहून, तपासून, छापून यायला वर्ष जातं. ऑर्किडचे कंद चार बोटं खोल असतात, मशीनचं पातं फूटभर जातं.

परतताना एनिडनं विचारलं, "ज्यानं हे पुस्तकात लिहिलं, त्यानं कधी बरण्या ठेवून पाहिल्या नाहीत का गं?"

मी म्हटलं, त्याच्याकडे एक कागद होता.

तो कागद तुम्हाला माहीत आहे. क्रमांक २२१७. डावीकडे एक रोप, उजवीकडे एक, खाली एकच लेबल: यारलप, १४ सप्टेंबर १९८१. तुमच्या ग्रंथाचा सगळा निकाल त्या कागदावर उभा आहे. "दोन्ही रूपं एकाच ठिकाणी शेजारी शेजारी वाढताना आढळली." आढळली नव्हती, लेस्टर. सकाळी आपण यारलपला होतो आणि दुपारी साठ किलोमीटरवर माउंट टलीला. परतीच्या वाटेवर टायर पंक्चर झालं. उन्हात पिशव्या तापल्या, फुलं कोमेजली आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही जागचं एकेकच बरं रोप उरलं. ती दोन रोपं एका कागदावर लावली गेली. वाळल्यावर लाल गेलं, वास गेला, दोन्ही सारखीच तपकिरी झाली. अशी चूक नवशिकेही करत नाहीत. पहिल्याच आठवड्यात आपण त्यांना सांगतो, की एक जागा, एक नंबर, एक कागद. आणि वीस वर्षांनी तुम्ही तोच कागद काढलात आणि एका जिवंत जातीला नाही म्हणालात. बॉनेटवर एक बरणी ठेवायलाही तुम्हाला सवड झाली नाही.

मी हे इथपर्यंत लिहून उठले, चहा केला, परत बसले. वरचा मजकूर पुन्हा वाचला. "लावली गेली" असं लिहिलंय मी. कोणी लावली ते लिहिलं नाही.

मी लावली. तुम्ही चाक बदलायच्या जॅकशी झगडत होतात, तिथूनच ओरडलात, "एकाच कागदावर लाव, एकच नंबर टाक, मुक्कामावर वहीत नीट लिहीन." मी एकदा विचारलंही, "दोन जागा आहेत ना?" तुम्ही म्हणालात, "मी सांगितलं ना, मुली." मग मी लेबल लिहिलं. अक्षर माझं आहे. दोन जागा मावत नव्हत्या, म्हणून एकच लिहिली.

एकवीस वर्षांच्या मुलीला मी माफ केलं असतं. पण ग्रंथ छापायला जाण्याआधी तुम्ही हस्तलिखित माझ्याकडे वाचायला पाठवलंत, तेव्हा मी एकवीसची नव्हते, चाळिशीची होते. पान दोनशे चौदावरचं ते वाक्य मी वाचलं. मला पंक्चर आठवलं, जॅक आठवला, सगळं आठवलं. आणि मी तुम्हाला एका नदीच्या नावातली चूक कळवली आणि खाली लिहिलं, "सुंदर काम."

फोनवर तुम्ही आणखी एक वाक्य बोललात. ते मी वर लिहिलं नाही. किटलीच्या आधी तुम्ही म्हणालात, "त्याच पुस्तकात तूही आहेस, हे विसरू नकोस."

नाही विसरले. पान दोनशे बारा. एक लहानसं हिरवट ऑर्किड, कोणी ढुंकून पाहणार नाही असं, आणि त्याला माझं आडनाव, लॅटिन शेपूट लावून. आपल्याकडे कोणी स्वतःचं नाव फुलाला देत नाही, दुसऱ्यानं प्रेमानं द्यावं लागतं. त्या पानावर मी रडले होते. माझ्या बाबांनी आयुष्यभर गव्हाची पोती उचलली. पास्को हे आडनाव कुठल्या पुस्तकात येईल असं आमच्या घरात कोणाला वाटलं नव्हतं. मग मी दोन पानं उलटली आणि ते वाक्य आलं. आणि मी स्वतःला समजावलं, की तुम्ही जाणकार आहात, तुमच्याकडे दुसराही पुरावा असेल. तसा तो नव्हता, हे मला त्याच क्षणी माहीत होतं.

मला राग कशाचा आलाय, ते आता नीट सांगते. तुम्ही चुकलात, याचा नाही. तुम्ही विसरला होतात की तुम्हाला आठवत होतं, हेही मी ठरवू शकत नाही. पण त्या फोनवरच्या वाक्यानं तुम्ही मला सांगितलंत, की ते फूल म्हणजे माझी किंमत होती. तीन वर्षं मी त्याला माया समजत होते. विल्मानं मटणाचे सँडविच बांधून द्यावेत, तुम्ही मला डोंगरात वाट दाखवावी, त्यातलंच काहीतरी ते होतं असं मला वाटत होतं. तुम्ही ते ओढून काढलंत आणि माझ्यापुढे पावतीसारखं धरलंत. का, लेस्टर? एका रस्त्याकडेच्या एकशे सत्तावीस रोपांसाठी तुम्हाला माझ्याकडून तेही परत घ्यावं लागलं?

काल मी कागद क्रमांक २२१७ बाहेर काढला. त्यावर आधीच्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत. तुमची १९८१ची, तुमचीच २००१ची. जुनी चिठ्ठी काढायची नाही, चुकीची असली तरी, नवी तिच्या शेजारी लावायची, ही आपली रीत. मी माझी चिठ्ठी लावली: "उजव्या बाजूचं रोप यारलपचं नाही. माउंट टली. लेबल लिहिताना मला हे माहीत होतं. नो. पास्को." डिंक वाळेपर्यंत बोटानं दाबून बसले होते.

मग तेच मी समितीला लिहिलं, ग्रंथ वाचून गप्प बसले होते तेही. कागदच चुकीचा असेल तर १९७९चं नाव यादीत परत घ्या, असंही मागितलं. संग्रहालयाच्या संचालकांनी मला आत बोलावलं.

"पुरावा काय, नोएलीन?"

"मी तिथे होते."

"तेवीस वर्षांनी आठवलं?"

"तेवीस वर्षं आठवत होतं."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाले, "लेबल तुझ्या अक्षरात, कबुली तुझ्या अक्षरात. समिती एकाच हाताच्या दोन गोष्टींमधून कुठली निवडणार? त्या दिवशीचं काहीतरी हवं. दुसऱ्या कोणाच्या हातचं."

ते तुमच्याकडे आहे. त्या संध्याकाळी मुक्कामावर तुम्ही खरंच वहीत लिहिलंत. मी समोर बसून बटाटे सोलत होते. दोन थांबे, दोन वेळा, गाडीच्या मीटरचे आकडेसुद्धा. आणि डावं-उजवं. तुम्ही ते मोठ्यानं वाचूनही दाखवलंत, आणि म्हणालात, "झालं, आता जीव भांड्यात पडला?" तपकिरी पुठ्ठ्याची फिरतीची वही आहे ती, १९८१ची. तुमच्या सगळ्या वह्या तुम्ही निवृत्त होताना घरी नेल्यात, मीच खोकी गाडीत ठेवली.

ती वही दिलीत तर लोक काय म्हणतील, हे मला कळतं. एक कागद चुकला तर उरलेले तीनशे बरोबर कशावरून, असं विचारतील. तुमच्या आयुष्याच्या कामाला हात लागेल. मला हे दिसत नाही असं समजू नका. माझ्याही नोकरीचं पुढच्या महिन्यात काय होईल ते ठाऊक नाही. आणि पान दोनशे बारावरचं ते हिरवट फूल खुशाल दुसऱ्या कोणाच्या नावानं करा, मी हरकत घेणार नाही.

वही मला पाठवायची नाही. सोबत समितीचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट आहे, आणि ते नऊ तारखेच्या आत पोचायला हवं. फाटकासमोरच पोस्टाची पेटी आहे, तेवढं तुम्ही आता चालता.

तुम्ही पाठवणार नाही. मी तुमच्याबरोबर वीस वर्षं काम केलंय, मला माहीत आहे. तुम्ही लिहाल की वही सापडत नाही, घर बदलताना हरवली, उंदरांनी खाल्ली. तसं लिहू नका. नाहीच द्यायची तर रिकामं पाकीट परत पाठवा, आणि त्यावर स्वतःच्या हातानं एवढंच लिहा, की वही आहे आणि मी देत नाही.

त्यापेक्षा वही पाठवा, लेस्टर. पाठवा.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
नोएलीन